लहान लेथ निवडताना

आकड्यांच्या आज्ञेने चालणारा लेथ, म्हणजेच सीएनसी लेथ, कर्ज काढून घेणारा लघुउद्योजक आम्हांस विचारतो, "कोणता घेऊ?" आम्ही उलट विचारतो, "जॉब कोणता?" निवड तेथूनच सुरू होते.

समजा, ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी पिन करावयाची आहे. मिनिटास १०० मीटर कापवेग हवा, तर स्पिंडलने मिनिटास सुमारे ५,३०० फेरे घेतले पाहिजेत. ४,००० फेऱ्यांच्या यंत्रावर तो वेग मिळणार कोठून? पिन धरण्यास मोठ्या चकापेक्षा कोलेट बरा. शिवाय हत्यारे एका ओळीत बसविलेला गँग पद्धतीचा लेथ घेतला, तर टरेट फिरण्यात जाणारे क्षण वाचतात.

पिन लांब असली तर? आधाराबाहेरची लांबी दुप्पट झाली की टोकावरील त्याच दाबाने ती आठपट वाकते. एकोणिसाव्या शतकात घड्याळाचे भाग करणाऱ्या स्विस कारागिरांनी यावर तोड काढली: बारच पुढे सरकवावयाचा आणि हत्याराशेजारी बुशाचा आधार द्यावयाचा.

उष्णतेचेही तसेच. १०० मिलिमीटर पोलाद १० अंशांनी तापले की सुमारे १२ मायक्रॉन वाढते. आणि चालता चालता यंत्रही तापतेच. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी आपलाच जॉब त्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत करवून घ्यावा, पहिला नग आणि शेवटचा नग मापून पाहावा. प्रदर्शनातील चकाकी कर्जाचा हप्ता फेडीत नाही. मापात उतरलेला नग फेडतो.