नाकातली नळी आणि अम्मीचा घास

मूल आजारी पडले की आपल्या घरात येणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारतो, "काही खाल्लं का?" मूल चार घास जेवले की अम्मीच्या जिवात जीव येतो. म्हणूनच जालन्याहून मुंबईला बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी नेलेल्या लेकराच्या नाकात नळी दिसली की ती खचते. आता सारे संपले, असे तिला वाटते. पण तसे नसते.

थॅलेसेमिया किंवा रक्ताच्या कर्करोगात मुलाची बिघडलेली अस्थिमज्जा तीव्र औषधांनी नष्ट करतात आणि दात्याच्या निरोगी पेशी शिरेतून देतात. भारतात हा उपचार प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केला. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी.

या औषधांमुळे तोंडापासून आतड्यापर्यंत आतून सोलवटते. थुंकी गिळणेही नकोसे होते. नव्या पेशी रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे असेच जातात. या काळात मऊ, बारीक नळी नाकातून जठरापर्यंत घालून पातळ आहार आणि काही औषधे देतात. पोषण शिरेतूनही देता येते, पण त्यात जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. शिवाय पोटात थोडे अन्न जात राहिले, तर आतड्याचे अस्तर सावरायला मदत होते.

"आज खाईल, उद्या खाईल" म्हणून काही पालक नळी टाळतात. मग तोंड सोलवटल्यावर तीच नळी घालताना लेकराला जास्त त्रास होतो. डॉक्टरांनी आधीच सुचवले, तर घाबरू नका, शंका विचारा. आहार हलाल आहे का, हेही निःसंकोच विचारा.

नळीने आहार देताना मुलाचे डोके उंच ठेवावे. उलटीत नळी सरकली किंवा खोकल्याची उबळ आली, तर आहार थांबवून नर्सला बोलवावे. नळी स्वतः आत ढकलू नये.

नातेवाईक प्रेमाने आबे-जमजम, खजूर, दम केलेले पाणी आणतात. पण या दिवसांत मुलाची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही तोंडाने किंवा नळीने देऊ नका. दुआ मात्र भरपूर करा, तिला कुणाची परवानगी लागत नाही. इलाज करणे हे तवक्कुलच्या विरोधात नाही.

भूक हळूहळू परतते, इन्शाअल्लाह नळीही निघते. तोवर कुणी "काही खाल्लं का?" विचारले, तर अम्मीने न लाजता सांगावे, "हो, नळीने खाल्लं."