जंगलात आली कवडी!

मुलांनो, चंद्रपूर-गडचिरोलीच्या नकाशावर बोट ठेवा आणि समुद्र शोधा बरं! नाही ना सापडत? साग, बांबू, धानाची शेतं, वैनगंगा, इंद्रावती... सगळं आहे, पण समुद्र मात्र सिरोंच्याहून सरळ रेषेत मोजला तरी तीनशेएक किलोमीटर लांब. आणि तरीही समुद्रातल्या एका प्राण्याचं घर या जंगलात पिढ्यान् पिढ्या मुक्कामाला आहे. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गोंडांच्या नाचाच्या साजात ते दिसतं. बंजारा बायकांच्या कपड्यांवर आरशांच्या शेजारी टाकलेलं असतं. देवीच्या भक्तांच्या गळ्यात त्याची माळ असते. आणि तुमच्या आजीच्या सारीपाटाच्या डब्यातही ते नक्की असेल. ओळखलंत? कवडी!

कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगायीचं कवच. शास्त्रज्ञ तिला 'मोनेटारिया मोनेटा' म्हणतात. 'मोनेटा' म्हणजे लॅटिन भाषेत नाणं. लक्षद्वीप, मालदीव अशा बेटांभोवतीच्या उथळ पाण्यात, प्रवाळाच्या खडकांत ती राहते आणि शेवाळ खाते. साधे शिंपले खरखरीत असतात, मग कवडीच एवढी गुळगुळीत का? तर तिच्या अंगाला मऊ कातडीचे दोन पदर असतात. ते दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच झाकून टाकतात आणि आतून त्यावर चुन्याचे थर चढवत राहतात. म्हणून ना ओरखडे, ना शेवाळाची पुटं! लहानपणी तिच्या कवचाची कड पातळ असते. मोठी झाली की ती कड आत वळते, जाड होते आणि तिला दात फुटतात. त्यानंतर कवडीची लांबी वाढत नाही. अंडी घातल्यावर आई त्यांच्यावर बसून राखण करते. गोगलगायीकडून ही अपेक्षा होती का तुमची?

आता गंमत ऐका. आपण 'कवडीमोल' म्हणतो, पण कवडीला मोल होतं, आणि चांगलंच होतं. अठराव्या शतकात बंगालमध्ये रुपयाला साधारण ५,१२० कवड्या मिळत. तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट, म्हणजे एका पैशाला ८० कवड्या. मीठ-मिरचीसारखी बारीकसारीक खरेदी यातच चाले. खोटी कवडी पाडणं कुणाला जमत नसे, ती गंजत नसे आणि मोजायलाही सोपी.

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४३ साली मालदीवला पोचला. लोक समुद्रातून या गोगलगायी काढत, खड्ड्यात घालत आणि आतला जीव कुजून गेला की कवच बाहेर काढत, असं त्याने लिहून ठेवलंय. तिथे सोन्याच्या एका दिनाराला चार लाख, कधी त्याहूनही जास्त कवड्या मिळत. पुढे तोच बतूता सहारा वाळवंट ओलांडून आफ्रिकेतल्या मालीला गेला. तिथे एका दिनाराला किती मिळाव्यात? फक्त १,१५०! कवडी तीच, समुद्रापासून जितकी लांब, तितकी महाग.

मग आमच्या जंगलात ती किती मोलाची असेल, विचार करा. आपल्या नद्यांचं पाणी शेवटी गोदावरीला मिळतं आणि गोदावरी समुद्राला. कवडी मात्र उलट्या दिशेने, माणसाच्या आणि बैलांच्या पाठीवरून आली. बंजाऱ्यांचे तांडे किनाऱ्याकडचं मीठ बैलांवर लादून मध्य भारतातल्या जंगलांपर्यंत आणत. त्याच गोणींबरोबर कवड्याही आल्या असाव्यात, असं मला तरी वाटतं.

'फुटकी कवडी देणार नाही' असं आपण रागाने म्हणतो ना? पण कपड्यावर शिवायची तर बहुतेक वेळा तिची पाठ फोडावी किंवा घासावीच लागते, तरच दोरा ओवता येतो. म्हणजे शिवणारणीला हवी असते ती फुटकीच!

या सुंदर वस्तूचा एक काळा इतिहासही आहे. डच आणि इंग्रज व्यापारी हिंदी महासागरातल्या कवड्या जहाजं भरभरून युरोपला नेत आणि तिथून पश्चिम आफ्रिकेला. त्या मोजून देत आणि बदल्यात माणसं विकत घेत. बाया, बाप्ये, तुमच्याएवढी मुलंसुद्धा. मग त्यांना गुलाम म्हणून समुद्रापार अमेरिकेत पाठवत.

एकोणिसाव्या शतकात युरोपी व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची दुसऱ्या जातीची, अगदी स्वस्त कवडी तिकडे नेऊन ओतली. बाजारात कवड्यांचा पूर आला आणि त्यांची किंमत कोसळली. आपल्याकडेही कंपनी सरकारने ओडिशात कवड्यांऐवजी चांदीच्या रुपयांत सारा मागायला सुरुवात केली. शेतकरी हवालदिल झाले. १८१७ च्या पाइकांच्या उठावामागे हेही एक कारण होतं.

आजही पूजेच्या दुकानात कवड्या मिळतात. चकचकीत कवडी दिसली की समजा, ती जिवंत गोगलगाय धरूनच मिळवली असणार. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेली रिकामी कवडी वाळूत घासून निस्तेज झालेली असते.

घरातली कवडी आज जरा निरखून बघा. पाठ फिकट पिवळी आणि कडेला उंचवटे असतील, तर ती मोनेटा. पाठीवर नारिंगी कडं असेल, तर ती बाजार पाडणारी दुसरी जात, 'अ‍ॅन्युलस'. मग ती उलटी करा आणि दोन्ही ओठांवरचे दात मोजा!