जोरावरसिंगांची शेकोटी

डिसेंबर लागला की परभणीचा पारा बातमीत येतो. कृषी विद्यापीठाच्या आवारातला आकडा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि गावोगाव पहाटे तुराट्या-पऱ्हाट्यांच्या शेकोट्या पेटतात. अशाच डिसेंबरात, २०२४ साली, 'जोरावर' या २५ टनी हलक्या रणगाड्याने लडाखमध्ये ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर अचूक मारा केला. तेव्हापासून रणगाड्याबद्दल भरभरून लिहून येतं. ज्यांचं नाव त्याला दिलं, त्या जोरावरसिंगांच्या वाट्याला मात्र दोन ओळी.

त्यांना सरसकट 'शीख सेनापती' म्हणतात. ते डोगरा होते, जम्मूच्या गुलाबसिंगांचे सरदार. आणि गुलाबसिंग लाहोरच्या महाराजा रणजितसिंगांचे मांडलिक. आपली सचखंड एक्स्प्रेस परभणीवरून ज्या नांदेडच्या हुजूर साहिबला जाते, तिथलं बांधकाम रणजितसिंगांनीच १८३२ ते १८३७ च्या दरम्यान करवून घेतलं. इकडे गोदाकाठी हे काम चालू असताना, १८३४ मध्ये, तिकडे जोरावरसिंग किश्तवाडहून डोंगर ओलांडून लडाखात उतरले. लेहच्या राजाने ५० हजारांची खंडणी आणि दरसाल २० हजार रुपये कबूल केले. १८४० मध्ये स्कर्दूही पडलं. सगळा डाव होता पश्मिन्याचा. शालींची ही लोकर पश्चिम तिबेटातून लडाखमार्गे काश्मिरात यायची. वाट ताब्यात आली की व्यापारही आला.

लोकरीच्या मुळापर्यंत जायचं म्हणून १८४१ मध्ये ते थेट तिबेटात शिरले. रुडोक, गारतोक घेत मानसरोवरापलीकडे ताकलाकोटपर्यंत पोचले. रणजितसिंग जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पाठीमागच्या खिंडी बर्फाने बुजल्या, रसद तुटली. त्या उजाड पठारावर जाळायला काडी नव्हती. बोटं गळून पडू लागली, तेव्हा सैनिकांनी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळून हात शेकले. लढायला आलेल्या माणसाने स्वतःची बंदूक चुलीत घालायची! माझ्या मते या मोहिमेची सगळी कहाणी या एका शेकोटीत आहे. पानिपतावर आपलं लष्कर असंच आधी उपासमारीने आणि थंडीने खचलं होतं. त्यामुळे हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

१२ डिसेंबरला तोयो इथे उजव्या खांद्यात गोळी लागल्यावर जोरावरसिंगांनी तलवार डाव्या हातात घेतली, आणि भाल्याच्या घावाने ते पडले. पुढच्याच वर्षी चुशूलला तह झाला. लडाख जम्मूकडे राहिलं, तिबेट तिबेटकडे. आज लडाख भारतात आहे, त्याची सुरुवात या माणसाच्या पायपिटीत आहे. पाठ्यपुस्तकात त्यांना किमान एक धडा मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कैलास-मानसरोवर यात्रा २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आहे. लिपुलेखवरून जाणाऱ्यांचा मुक्काम ताकलाकोटला पडतो. तिथून तोयो जवळच आहे. तिथे जोरावरसिंगांची दगडांची समाधी आहे, आणि ती रचली त्यांच्याशी लढलेल्या तिबेटी लोकांनी.