सुरक्षा आधी, निष्ठा मग : रुग्णालयातील कामगारांचे हक्क

रुग्णालयातील सफाई कामगार, वॉर्डबॉय आणि आया यांच्याकडून सेवाभावाची अपेक्षा सगळेच करतात. त्यांच्या हातात जाड मोजे आहेत का, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. या कामात आपले बंधुभगिनी मोठ्या संख्येने आहेत आणि त्यातले अनेक जण कंत्राटी आहेत.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालक आणि कामगार या दोघांचीही कर्तव्ये सांगितली आहेत. मालकाने झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर रजा द्यावी. कामगाराने काम चोख करावे. यात मालकाचे कर्तव्य आधी येते. म्हणजे निष्ठा फुकट मागता येत नाही.

कायदाही हेच सांगतो. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुग्णालयाने हिपॅटायटीस बी व धनुर्वाताची लस द्यायची आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण व आरोग्य तपासणी करायची आहे. मोजे, मास्क, बूट पुरवायचे आहेत. कंत्राटी कामगार यातून वगळलेला नाही.

सर्वांत मोठा धोका वापरलेल्या सुईचा. ती पिशवीत टाकायची नसते. तिच्यासाठी पांढरा, न भोसकला जाणारा डबा असतो. सुईला पुन्हा टोपण लावू नये. तरीही टोचलीच, तर जखम पिळू नका, तोंडात धरू नका. वाहत्या पाण्याने व साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि 28 दिवस घ्यावे लागते. कामावरून काढतील या भीतीने गप्प राहणे जिवावर बेतू शकते.

कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रत्येक रुग्णालयाला दरवर्षी 30 जूनपर्यंत वार्षिक अहवाल द्यावा लागतो. त्यात किती जणांना प्रशिक्षण दिले, किती अपघात झाले, याची नोंद असते. सरकारी रुग्णालयाचा अहवाल माहिती अधिकारात मागा. कागदावर अपघात शून्य असतील, तर कामगारांना विचारून खात्री करा. लसीचे तिन्ही डोस झाले का, हेही विचारा.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचे हित कायद्याने बांधून घ्यावे लागते, हे त्यांनी तिथे दाखवून दिले. कायदा आहे; तो वॉर्डापर्यंत पोहोचवणे आपल्या हातात आहे.

जय भीम!