आरशाला वळण लावताना

चिलीमधल्या पारानालच्या डोंगरावर युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या ८.२ मीटरच्या चार दुर्बिणी आहेत. त्यांतल्या ‘येपुन’वरून रात्री लेझरचे चार पिवळे झोत आकाशात जातात. फोटोत ते झकास दिसतात, त्यामुळे सगळं कौतुकही त्यांच्याच वाट्याला येतं. खरी कसोटी असते ती दुर्बिणीच्या दुय्यम आरशाची. हा आरसा १.१२ मीटर रुंद आणि जेमतेम २ मिलिमीटर जाड आहे. पाठीमागचे १,१७० अ‍ॅक्चुएटर त्याला सेकंदाला हजार वेळा ढकलत-ओढत असतात. हवेने ताऱ्याचा प्रकाश जितका विस्कटला, त्याच्या नेमकं उलट आरसा वाकतो आणि प्रतिमा ताळ्यावर येते.

होरेस बॅबकॉक यांनी ही अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सची कल्पना १९५३मध्येच मांडली होती. खगोलशास्त्रज्ञांना ती आकाशावर चालवून पाहायला १९८९ उजाडलं.

पण आरसा किती वाकवायचा, हे ठरतं कसं? येपुनच्या सेन्सरवर बारीक भिंगांची ४० बाय ४० अशी जाळी आहे. प्रत्येक भिंग प्रकाशाचा एकेक ठिपका पाडतं. प्रकाश विस्कटला की ठिपके जागचे हलतात. सेन्सरला कळतं ते एवढंच. म्हणून आधी कृत्रिम ताऱ्याचा स्थिर प्रकाश सोडायचा, एकेक अ‍ॅक्चुएटर किंचित ढकलायचा आणि कुठले ठिपके किती सरकले ते टिपायचं. यातून तयार होणारा भलामोठा तक्ता म्हणजे इंटरअ‍ॅक्शन मॅट्रिक्स. रात्री संगणक तो उलटा वाचतो: ठिपके एवढे हलले, तर आरसा एवढा वाकवा. सेन्सरला धड दिसतच नाहीत असे आकार मात्र आधीच वगळावे लागतात, नाहीतर आरसा भलतंच काहीतरी दुरुस्त करत बसतो.

येपुनवर गाडी अडते ती या कृत्रिम ताऱ्यापाशीच. तिचा दुय्यम आरसा बहिर्वक्र आहे. त्याच्या अलीकडे प्रकाश एकवटतच नाही, मग कृत्रिम तारा ठेवणार कुठे? अ‍ॅरिझोनातल्या लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपचा ६७२ अ‍ॅक्चुएटरांचा आरसा अंतर्वक्र आहे. तिथे मधे एक नाभी मिळते आणि हे काम दिवसाढवळ्या उरकतं. येपुनचा आरसा जर्मनीत गार्चिंगला ‘असिस्ट’ नावाच्या खास चाचणी-मांडणीवर पारखून घेतला. पारानालवर मात्र तक्ता संगणकातच रचावा लागतो. सेन्सरच्या तुलनेत आरसा किती सरकला, किती फिरला, हे प्रत्यक्ष मोजून त्यात भरतात. दुर्बीण कलली की ही जुळणी हलते, आणि भिंगाच्या रुंदीच्या अंशाएवढा फरकही प्रतिमेला भोवतो.

पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने कॅलटेकबरोबर अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या दीड मीटरच्या दुर्बिणीवर बसवलेली ‘रोबो-एओ’ ही प्रणाली माणसाविना चालायची. लहान दुर्बिणीवर सगळं आपोआप चालवणं साधलं; मोठ्या दुर्बिणींवर मात्र जुळणीची अडचण राहतेच.

चिलीतच सेरो आर्माझोनेसवर उभ्या राहणाऱ्या ३९ मीटरच्या ‘एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप’च्या (ईएलटी) चौथ्या आरशाला पाच हजारांहून जास्त अ‍ॅक्चुएटर आहेत, आणि त्याच्याही पुढे कृत्रिम तारा ठेवायची सोय नाही.