पाळीची वेळ सांभाळून गॅलरीतील परसबाग : सुरुवात तीन कुंड्यांपासून

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनी आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने वाढत गेले. या कारखान्यांत काम करणाऱ्या अनेक कुटुंबांची शेती आजही गावाकडे आहे. इथे मात्र त्यांच्या वाट्याला चार फुटांची गॅलरी, खिडकीची जाळी किंवा खोलीपुढचा ओटा येतो. पाळीचे काम, बसचा प्रवास आणि अपुरी झोप यांतून बाग करायची तर तिचे नियोजन शेतासारखे चालत नाही.

अशा बागेत होणारी पहिली चूक म्हणजे एका रविवारी वीस कुंड्या आणणे. दोन आठवड्यांनी पाळी बदलते, पाणी चुकते, रोपे वाळतात. मग बाग हा विरंगुळा न राहता आणखी एक राहिलेले काम होऊन बसते. म्हणून बागेचा आकार जागेवरून ठरवू नये. आपल्याकडे रोज किती मिनिटे आणि किती पाणी आहे, यावरून तो ठरवावा. रोज १५ मिनिटे देता येत असतील, तर पहिले दोन महिने तीन कुंड्या पुरेशा आहेत.

आधी ऊन मोजावे

- सुटीच्या दिवशी सकाळी ८, ११, दुपारी २ आणि सायंकाळी ५ वाजता गॅलरीत कुठे ऊन आहे ते पाहून खडूने खूण करावी.
- फळभाज्यांना (मिरची, टोमॅटो, वांगी) रोज किमान ५ ते ६ तास थेट ऊन लागते.
- पालेभाज्या (मेथी, पालक, कोथिंबीर) ३ ते ४ तासांच्या उन्हात येतात.
- त्याहून कमी ऊन असल्यास पुदिना, अळू, पानओवा यांची निवड करावी.

दक्षिणेकडील गॅलरीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने ते कमी होते. उत्तरेकडील गॅलरीत वर्षभर सावली असते, असे मानले जाते. पण आपल्या भागात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. या काळात सकाळ-सायंकाळचे ऊन उत्तरेच्या गॅलरीतही येते. पावसाळी ढगांमुळे ते बेभरवशाचे असते. तरी अळू आणि पुदिन्याला ते चालते.

कुंडी आणि वजन

- पालेभाज्यांसाठी ६ ते ८ इंच खोलीचे पसरट भांडे, क्रेट किंवा ग्रो बॅग घ्यावी.
- मिरची, टोमॅटो, वांग्यासाठी १२ इंच खोल कुंडी घ्यावी. एका कुंडीत एकच रोप ठेवावे.
- कढीपत्त्यासाठी १५ ते १८ इंच खोली हवी.
- तळाला ३ ते ४ छिद्रे असावीत. कुंडी विटेच्या तुकड्यांवर ठेवावी, म्हणजे पाणी निघून जाते आणि फरशी ओली राहत नाही.

एक घनफूट ओली माती सुमारे ४५ ते ५० किलो भरते. म्हणून मोठ्या कुंड्या गॅलरीच्या बाहेरच्या कडेला न ठेवता भिंतीलगत ठेवाव्यात. कठड्यावर किंवा जाळीबाहेर जड कुंडी टांगू नये. वाऱ्याने ती खाली पडल्यास कोणाचा जीव जाऊ शकतो.

औद्योगिक पट्ट्यात भंगारातून स्वस्त ड्रम आणि कॅन सहज मिळतात. त्यांत पूर्वी कूलंट, थिनर, आम्ल किंवा रंग असू शकतो. असे प्लॅस्टिक कितीही धुतले तरी आत मुरलेले रसायन पूर्ण निघत नाही. खाण्याच्या पिकासाठी असे ड्रम वापरू नयेत. खाद्यतेलाचे डबे, भाजीचे क्रेट, जुन्या बादल्या चालतात. त्याचप्रमाणे कारखान्याच्या कुंपणालगतची, गॅरेजजवळची किंवा राडारोड्यातील माती आणू नये.

मातीचे मिश्रण

गावाकडची काळी माती तशीच कुंडीत भरण्याचा मोह होतो. कुंडीत ती ओली असताना चिकट होते, वाळली की भेगाळते आणि कडेने पाणी थेट खाली जाते. त्याऐवजी पुढील मिश्रण करावे.

- पोयटा माती : १ भाग
- चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत : १ भाग
- भिजवलेले कोकोपीट : १ भाग
- १२ इंची कुंडीस निंबोळी पेंड : ५० ग्रॅम (एक मूठ)

कोकोपीट भिजवल्यानंतर एकदा पाणी बदलून पिळून घ्यावे. त्यातील क्षार कमी होतात. पुढे दर १५ ते २० दिवसांनी प्रत्येक १२ इंची कुंडीला मूठभर गांडूळ खत देऊन वरची माती हलकी करावी.

ओल्या कचऱ्यातून खत

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास बाग सुरू केली. तिथे स्वयंपाकघरातील ओला कचरा बाहेर न पाठवता गच्चीवरच जिरवण्यात आला आणि त्यावरच भाज्या व फळझाडे वाढवण्यात आली. घरी याची छोटी पद्धत करता येते.

- छिद्रे पाडलेल्या बादलीत तळाला वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्यात.
- भाजीची देठे, साली, चहाचा चोथा टाकून त्यावर तेवढाच सुका पाला टाकावा.
- आठवड्यातून एकदा वर-खाली करावे. सुरुवातीला थोडे आंबट ताक किंवा जुने खत टाकल्यास कुजण्यास मदत होते.
- शिजलेले तेलकट अन्न, मांस, मासे टाकू नयेत. वास आला तर ओल जास्त झाली असे समजून सुका पाला वाढवावा.

साधारण दीड ते दोन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार होते.

पाणी : बोट घालून पाहावे

पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवना धरणाचे पाणी मिळते. नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. हे पाणी मावळातून येते. पवना बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात झालेल्या पोलिस गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. शहरातल्या कुंडीत ओतला जाणारा प्रत्येक मग कोणाच्या तरी शेताच्या वाटेवरून आला आहे, हे लक्षात ठेवून पाणी वापरावे.

- पाणी देण्यापूर्वी मातीत बोट दोन पेरे आत घालावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कोकोपीट असलेली माती वरून कोरडी दिसते, पण आत ओली असते. गॅलरीतील रोपे तहानेने मरतात तशीच जास्त पाण्याने मूळकूज होऊनही मरतात.
- तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना द्यावे.
- पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते फरशी पुसण्यासाठी वापरावे, कुंडीत रोज ओतू नये.
- मातीवर वाळलेल्या पाल्याचे एक ते दीड इंच आच्छादन करावे.
- कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

काय, कधी लावावे

- जून-जुलै : मिरची, भेंडी, गवार, अळू.
- ऑक्टोबर ते फेब्रुवारी : मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, लसणाची पात.
- मार्च ते मे : माठ, तांदुळजा, पुदिना. दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी.

नवख्यांसाठी पहिल्या तीन कुंड्या पुढीलप्रमाणे ठेवाव्यात.

१) मेथी : बी ३ ते ५ दिवसांत उगवते, २५ ते ३० दिवसांत काढणीस येते. लवकर दिसणारे यश मन टिकवते.
२) कांद्याची पात : चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी जुना आहे आणि कांदा-लसूण संशोधन संचालनालयही जवळच राजगुरुनगरला आहे. घरात कोंब आलेला कांदा फेकून न देता कुंडीत लावावा. साधारण तीन आठवड्यांत पात कापता येते. बुडखा ठेवून कापल्यास पुन्हा फुटते.
३) मिरची : रोपवाटिकेतून ३० ते ३५ दिवसांचे रोप आणावे. लागवडीनंतर साधारण दोन महिन्यांनी मिरच्या सुरू होतात. हे पीक वाट पाहायला शिकवते.

कोथिंबीर लावताना धने हलके रगडून दोन भाग करावेत. उगवण ८ ते १२ दिवसांनी होते. तोपर्यंत कुंडी बिघडली असे समजून उकरू नये.

कीड-रोग

- मावा : पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा. गरज पडल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळी पावडर १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावी.
- पिठ्या ढेकूण : साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा.
- फवारणी सायंकाळी करावी आणि भाजी धुऊनच वापरावी. रस्त्यालगतच्या घरात पानांवर धूळ बसते, त्यामुळे दोन-तीन पाण्यांनी धुवावे.

गावाकडून शेतातले उरलेले कीटकनाशक छोट्या बाटलीत आणून गॅलरीत फवारणे अत्यंत धोकादायक आहे. बाटलीवर लेबल नसते, प्रमाण माहीत नसते, लहान मुले जवळ असतात आणि फवारा शेजारच्या घरात जातो. एक कुंडी किडीला गेली तर जाऊ द्यावी, पण असे औषध घरात आणू नये.

पाळीनुसार १५ मिनिटे

- पहिली पाळी : घरी आल्यावर चहा झाला की सायंकाळी. पाणी पानांवर न टाकता मातीत द्यावे.
- दुसरी पाळी : सकाळी, ऊन चढण्यापूर्वी.
- तिसरी पाळी : सकाळी घरी येताच बागेत उभे राहू नये. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराला दिवस सुरू झाल्यासारखे वाटते आणि झोप लांबते. आधी झोपावे. बागेचे काम उठल्यावर, कामावर निघण्यापूर्वी करावे.

या १५ मिनिटांत क्रम एकच ठेवावा : बोटाने ओल पाहणे, पानाच्या मागची बाजू पाहणे, पिवळे पान काढणे, गरज असेल तरच पाणी. मोबाइल आत ठेवावा. नेदरलँड्समध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बाग करणाऱ्या ३० जणांना आधी ताण येईल असे काम देण्यात आले. नंतर काहींनी अर्धा तास बागकाम केले, काहींनी वाचन केले. ताणाशी संबंधित कॉर्टिसोल हे संप्रेरक दोन्ही गटांत कमी झाले, बागकाम करणाऱ्यांत अधिक. प्रयोग लहान आहे, पण शेतकऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. बांधावरून एक चक्कर मारून आल्यावर डोके हलके होते, हे त्याने अनुभवलेले असते. गॅलरीत ती चक्कर तीन कुंड्यांची असते, एवढाच फरक.

मात्र बाग हे औषध नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, मन उदास राहत असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर डॉक्टरांना भेटावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.

गावी जाताना

गणपती, दिवाळी किंवा गावच्या यात्रेला आठवडाभर घर बंद असते. निघण्यापूर्वी कुंड्या सावलीत एकत्र ठेवाव्यात, भरपूर पाणी द्यावे, आच्छादन वाढवावे. पाण्याने भरलेल्या बादलीतून सुती कापडाची जाड वात प्रत्येक कुंडीच्या मातीत चार इंच खोचावी. बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंच ठेवून तिचे तोंड कापडाने बांधावे, म्हणजे डास होत नाहीत. ही व्यवस्था जाण्याआधी दोन दिवस करून पाहावी. शेजाऱ्यांकडे किल्ली देता आली तर उत्तमच. परतल्यावर पहिली जुडी त्यांना द्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

सल्ला देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : घर स्वतःचे की भाड्याचे, ऊन किती तास, पाणी कधी येते, पाळी कोणती. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या भागांत भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार वर्ष-दीड वर्षात खोली बदलतात. त्यांना कढीपत्ता किंवा लिंबू सुचवू नये. हाताने उचलता येतील अशा क्रेटमध्ये ४५ दिवसांत संपणाऱ्या पालेभाज्या सुचवाव्यात.

खेड आणि मावळातील शेतकऱ्यांनाही यात संधी आहे. ट्रेमधील मिरची-टोमॅटोची तयार रोपे, चाळलेले शेणखत आणि मिश्रण भरलेल्या लहान पिशव्या यांना शहरातील आठवडे बाजारात गिऱ्हाईक मिळू शकते. रोपासोबत लागवडीची तारीख आणि पाणी देण्याची पद्धत लिहिलेली चिठ्ठी दिल्यास गिऱ्हाईक परत येते.

दोन महिन्यांनी हिशेब पाहावा. तिन्ही कुंड्या टिकल्या असतील, तर चौथी आणावी. एक गेली असेल, तर कारण वहीत लिहून तीच पुन्हा भरावी. बाग मोठी झाली नाही तरी चालेल. कामावरून आल्यावर तिच्याकडे जावेसे वाटले पाहिजे.