गोचिडाचे घर
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेखन मागविल्याची सूचना फलकावर लागली आणि आमच्या वर्गातील मित्र कविता करू लागले. मला कविता येत नाही. माझा अभ्यासाचा विषय इतिहास. पण मागील वर्षी ज्याने आमच्या घराला मोठा धडा शिकविला, तो विषय गोचिडाचा आहे. विषय ऐकून काहीजण नाक मुरडतील. परंतु आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दारी जनावर आहे आणि त्याच्या दुधावर महाविद्यालयाची फी भरली जाते, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

आमचे गाव सांगोला तालुक्यात आहे. वडील कोरडवाहू जमीन कसतात. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. मी अकरावीत असताना वडिलांनी कर्ज काढून एक संकरित होल्स्टिन गाय आणली. तिच्या दुधाच्या पैशांवर माझे शिक्षण आणि घरातील मीठ-मिरची दोन्ही चालत होते. मागील वर्षी श्रावणात तिच्या कानात, कासेभोवती आणि शेपटीखाली गोचीड दिसू लागले. वडिलांनी औषधाची बाटली आणून माझ्या हाती दिली व म्हणाले, "तू शिकलेला. वाच, किती टाकायचं ते."

बाटलीबरोबरचा कागद इंग्रजीत आणि अगदी बारीक अक्षरांत होता. 'एक लिटर पाण्यास दोन मिलिलिटर' एवढे मी वाचले आणि कागदाची घडी करून कोनाड्यात ठेवली. आम्ही गाय फवारली. दुसऱ्या दिवशी गोचीड गळून पडले. सारे घर खूष झाले. मला तर शिकल्याचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

तीन आठवड्यांत गोचीड पुन्हा आले आणि मागोमाग ताप आला. १०६ अंश. खांद्यापुढच्या गाठी सुजल्या, दूध आटले, डोळ्यांच्या आतला भाग पांढराफटक पडला. दोन दिवस आम्ही घरगुती उपायांत घालविले. गुरांच्या डॉक्टरांनी येऊन सुई टोचली, पण वेळ निघून गेली होती. पाचव्या दिवशी गाय गेली.

त्या दिवशी डॉक्टर जाण्यापूर्वी गोठ्यात शिरले. आमच्या गोठ्याच्या भिंती दगड-मातीच्या आहेत. त्यांनी गव्हाणीमागच्या एका भेगेत काडी घालून ती बाहेर ओढली. काडीबरोबर माती आली आणि मातीबरोबर गोचीड, दहा-वीस तरी. डॉक्टर म्हणाले, "औषध गाईला दिलंत. ह्या घराला कोणी दिलं?"

पुढचे सर्व मी त्यानंतर वाचून आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतले.

गोचीड हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. मोठ्या गोचिडाला आठ. तो कोळी आणि विंचू यांच्या कुळातला आहे. अंडे, सहा पायांचे पिल्लू, आठ पायांची मधली अवस्था आणि मग पूर्ण वाढलेला गोचीड, असे त्याच्या आयुष्याचे चार टप्पे आहेत. अंडे सोडून प्रत्येक टप्प्यावर त्याला रक्त लागते. रक्त पिऊन वाटाण्यासारखी फुगलेली मादी जनावरावर राहत नाही. ती खाली पडते, एखादा सांदीकोपरा गाठते, तेथे हजारो अंडी घालते आणि मरते.

आपल्याकडच्या गुरांवर दोन प्रकार विशेष आढळतात. बूफिलस नावाचा गोचीड पिल्लू म्हणून जनावरावर चढतो आणि पूर्ण वाढ होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, त्याच जनावरावर राहतो. हायलोमा नावाच्या गोचिडाची तऱ्हा निराळी. तो बहुधा एकदा रक्त पिऊन खाली उतरतो, भिंतीच्या भेगेत बसून कात टाकतो, पुन्हा जनावर शोधतो, पुन्हा उतरतो. म्हणजे त्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ आपल्या भिंतीत जातो. गाय हे त्याचे जेवणाचे ताट; घर म्हणजे आपला गोठा. आम्ही ताट धुतले आणि घर तसेच ठेवले.

आमच्या गाईला झालेल्या रोगाचे नाव थायलेरिओसिस. लोक त्याला गोचीडताप म्हणतात. त्याचा सूक्ष्म जंतू हायलोमा गोचीड पसरवितो. रोगी जनावराचे रक्त पिताना जंतू त्याच्या पोटात जातो आणि कात टाकल्यावर पुढच्या अवस्थेतला गोचीड तो दुसऱ्या जनावराला देतो. खिल्लारसारख्या देशी जनावरांना हा ताप सहसा फारसा झोंबत नाही. मात्र त्यांच्या रक्तात जंतू राहू शकतो. संकरित गाईला तो जीवघेणा ठरतो. आमच्या गोठ्यात गाईशेजारी खिल्लार बैल बांधलेला असे. तो धडधाकट होता, म्हणून त्याला फवारण्याचे आम्हाला सुचलेही नाही. बूफिलस गोचीड बबेसिया नावाचा दुसरा जंतू देतो. त्या रोगात लघवी लाल होते. हा जंतू मादीच्या अंड्यांतून तिच्या पिल्लांतही उतरतो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यातली एक हकीकत फार मोलाची वाटते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत टेक्सास प्रांताकडून गुरांचे कळप उत्तरेकडे हाकीत नेत. ही दक्षिणेची गुरे दिसायला निरोगी असत. पण त्यांच्या वाटेवर चरणारी उत्तरेची गुरे पटापट मरत. गुराखी म्हणत, हे गोचिडांचे काम आहे. पुष्कळ विद्वान त्यांना हसले. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी मात्र प्रयोग केले. दक्षिणेच्या गुरांवरचे गोचीड वेचून काढले आणि मग ती उत्तरेच्या गुरांबरोबर ठेवली, तेव्हा रोग झाला नाही. उलट, दक्षिणेचे एकही जनावर न आणता कुरणात नुसते गोचीड सोडले, तेव्हा तेथे चरणारी उत्तरेची गुरे आजारी पडली. १८९३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. न शिकलेल्या गुराख्यांचे म्हणणे खरे ठरले. आमचा बैल आणि टेक्सासची गुरे यांत मला काही फरक दिसत नाही.

आता उपाय. पहिली गोष्ट, एकाच दिवशी गोठ्यातील सर्व जनावरे आणि गोठा, दोन्हींची फवारणी व्हावी. अमिट्राझ हे औषध १२.५ टक्के तीव्रतेचे असेल तर जनावरासाठी एक लिटर पाण्यास दोन मिलिलिटर घेतात. गोठ्यासाठीचे प्रमाण वेगळे असते. ते बाटलीवर पाहावे किंवा डॉक्टरांना विचारावे. घोड्याला हे औषध चालत नाही. कमी औषध घालून काटकसर करू नये. त्यातून वाचलेले गोचीड औषधाला दाद देईनासे होतात. प्रमाणापेक्षा जास्त घातले तर जनावरालाच विषबाधा होते.

फवारणीपूर्वी जनावराला पोटभर पाणी पाजावे, म्हणजे ते अंग चाटत नाही. वैरण काढून घ्यावी, पाण्याची भांडी झाकावीत, कोंबड्या बाहेर सोडाव्यात. दूध काढून झाल्यावर, उन्हे उतरल्यावर, नाकातोंडाला फडके बांधून वाऱ्याच्या दिशेने फवारावे. कानाच्या आत, गळ्याखालची पोळी, जांघ आणि शेपटीची खालची बाजू सुटू देऊ नये. डोळे आणि तोंड जपावे. लहान वासरांबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये.

दुसरी गोष्ट, औषधाने अंडी मरतातच असे नाही. त्यांतून पिल्ले बाहेर येतात. म्हणून दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फवारणी करावी लागते, कधी तिसऱ्यांदाही. आम्ही एकदाच करून थांबलो होतो.

तिसरी गोष्ट, भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात आणि चुना द्यावा. गव्हाणीचा तळ, खुंट्याचा खड्डा, दाराची चौकट खरवडून काढावी. उकिरडा दूर न्यावा आणि भोवतीचे गवत कापावे. नवे जनावर आणले तर काही दिवस वेगळे बांधून त्याचे अंग तपासावे.

हाताने गोचीड काढायचा झाला तर तो चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि रॉकेलमध्ये टाकावा. आमच्याकडे तो नखावर चिरडण्याची सवय आहे. ती सोडली पाहिजे. २०११ साली गुजरातेत क्रिमियन-काँगो नावाच्या तापाने माणसे दगावली. हा तापही हायलोमा गोचिडाकडून येतो आणि चिरडलेल्या गोचिडाच्या रक्तातूनही माणसाला होऊ शकतो.

आणि शेवटची गोष्ट, ताप आल्यावर थांबू नये. गोचीडतापावर बुपारव्हाकोन नावाचे इंजेक्शन आहे, पण ते लवकर मिळाले तरच उपयोगी पडते. या रोगावर लसही आहे. तिच्याविषयी डॉक्टरांकडे चौकशी करावी.

गाय गेल्यावर आठ दिवसांनी मी कोनाड्यातला तो कागद पुन्हा काढला आणि शब्दकोश घेऊन बसलो. खालच्या बाजूला लिहिले होते की गोठाही फवारावा आणि ठराविक दिवसांनी फवारणी पुन्हा करावी. हे सारे माझ्या हातात होते. वडिलांना ते वाचता येत नव्हते. मला येत होते आणि मी अर्धेच वाचले. मी त्यांना तसे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आता पुरतं वाचत जा."

गाईची कालवड आता त्याच गोठ्यात वाढते आहे. भिंतीच्या भेगा वडिलांनी आणि मी मिळून बुजविल्या. शेजारची मंडळीही हल्ली औषधाचे कागद माझ्याकडे घेऊन येतात. मी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवितो.